माल सेट व्हायचाय!

बाथरूमची फरशी बसवून झाली आणि मिस्त्रीनं बजावलं, "काका, चोवीस तास पाय ठेवू नका. माल सेट व्हायचाय." म्हणजे आंघोळ समोरच्या वहिनींकडे. खांद्यावर पंचा, हातात साबणाची चेपलेली डबी, आणि दारातच प्रश्न आला, "चिरंजीव सेट झाले का हो?"

चिरंजीव एम.ए. झालेत, सेट देताहेत. ही सेट म्हणजे महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती, प्राध्यापकीची परीक्षा. सेट झाली नाही म्हणून तो सेट झाला नाही, आणि उद्या झाली तरी जागेसाठी सेटिंग लागतं असं जाणकार सांगतात. हे सगळं पंचा सावरत कसं समजावणार? "प्रयत्न चालू आहेत," म्हणालो आणि आत सटकलो.

ऑक्सफर्डच्या १९८९ सालच्या थोरल्या कोशात या एका शब्दाचे ४३० अर्थ दिलेत. पुढे 'रन'नं नुसत्या क्रियापदाच्या ६४५ अर्थांनिशी त्याला मागं टाकलं. टाकणारच. आपल्याकडे सेट झालेला बॅट्समन रन काढतोय कुठं, उचलून मारतो आणि झेल देऊन परत येतो.

घरी आलो तर ओट्यावरच्या पातेल्याला माझा नुसता धक्का लागला. "हलवू नका! दही सेट होतंय!" थोडक्यात, घरात सगळंच सेट होत होतं, मला फक्त हलायची बंदी.

त्यातल्या त्यात सिमेंटचं बरं. त्याला सरकारी मानक आहे: ३० मिनिटांच्या आत आवळायला लागायचं नाही आणि ६०० मिनिटांच्या आत आवळून मोकळं व्हायचं. सुई टोचून तपासतात म्हणे. पोरांसाठी असं मानक कुणी काढलेलं नाही. सुई मात्र आहे, समोरच्या वहिनींकडे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, उकिडवा बसून सांध्यात अंगठा दाबून पाहिला, "एकदम सेट!" म्हणाला. पोरगा आमच्या चिरंजीवांच्याच वयाचा, पण तीन ठिकाणी कामं चालू आणि फोन सारखा वाजतोय. जाता जाता त्यानं सोफ्यावर पुस्तक घेऊन पसरलेल्या मूर्तीकडे नजर टाकली.

"दादा मोकळेच असतात का? हाताखाली माणूस लागतोच मला."

मला हसू आवरेना. चिरंजीवांनी मात्र पुस्तक मिटून विचारलं, "रोज किती देता?"