डबीतला कापूस

एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, कौन्सेलर म्हणून बरीच वर्षं झाली मला, पण अजून एक गोष्ट बघवत नाही. गोळ्यांची डबी हातात पडली की बायका आधी आत कापूस कोंबतात, कारण एसटीत पिशवी हलली की गोळ्या खुळखुळतात आणि शेजारची विचारते, कसल्या गं गोळ्या? २००४ पासून सरकारीत एआरटी फुकट मिळायला लागली, आता दिवसाला एकच गोळी, औषधाचं निभतं हो. लोकांचं काय?

परवा एक आली, सातवा महिना. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) गरोदर बाईचं रक्त तपासतात, नवऱ्याचं आपणहून कोण तपासतंय, म्हणून घरात पहिला रिपोर्ट हिचा आला आणि लगेच "हिनेच आणला". नंतर नवरापण पॉझिटिव्ह निघाला, पण तोवर सासूने हिचं ताट वेगळं करून मोरीजवळ ठेवलं होतं. नवऱ्याचं ताट अजून सगळ्यांबरोबरच.

जिथे नाव घातलं होतं त्या खासगी हॉस्पिटलात फाईलवर लाल स्केचपेनने मोठा गोल, आणि "आमच्याकडे सोय नाही, सिव्हिलला जा". अहो कसली सोय? ग्लोव्हज तर प्रत्येक डिलिव्हरीला घालायचेच असतात ना, की बाकीच्यांना उघड्या हातांनी करता? हिच्या गोळ्या चालू आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलाय, बाळालाही जन्मल्यावर औषध देतात, मग बाळाला लागण व्हायची शक्यता अगदी कमी राहते. हे डॉक्टरला मी सांगायचं?

२०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारायचे नाहीत, विचारल्याशिवाय टेस्ट नाही, गर्भपात नाही, नसबंदी नाही, आणि राहत्या घरातून बाईला हाकलता येत नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या हॉस्पिटलात तक्रार अधिकारी नेमायलाच लागतो. हे सगळं मी तिला नीट समजावलं. तिने एकच विचारलं, "ताई, तक्रार केली तर गावात कळंल न्हवं?" कोर्टात नाव झाकून केस चालवता येते हे सांगितलं, पण हॉस्पिटलच्या काउंटरवर तोंड कसं झाकायचं ते काही मला सांगता आलं नाही.

तरी हो म्हणालीये. सोमवारी दोघी जाणार आहोत, तुमचा तक्रार अधिकारी कोण म्हणून विचारायला. जाताना म्हणाली, ताई जरा कापूस असंल तर द्या.