रात्री 8:41 चा आरोपी

1945 साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, हे आम्ही पाहुण्यांना त्यांनी न विचारताच सांगतो. त्याच अमळनेरात आमच्या पतसंस्थेच्या संगणकाला जुन्या खतावण्यांच्या स्कॅनचं रोज रात्री एक गाठोडं बांधून बाहेरच्या डिस्कवर ठेवता येत नव्हतं, हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

रोज सकाळी स्क्रीनवर 'आर्काइव्ह पूर्ण' दिसायचं आणि मी निवांत चहा घ्यायचो. मग ऑडिटरांनी एक जुनं व्हाउचर मागितलं. गाठोडं सोडायला गेलो तर अर्ध्यातच तुटलेलं. गाठोडं बांधणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या हुकमांची यादी, उघडली तेव्हा उलगडा झाला: 'पूर्ण' ही तिची शेवटची ओळ होती. वरच्या ओळींचं काहीही होवो, ती छापली जाणारच. पहिली पंगत बसायच्या आधीच 'जेवण झकास झालं हो' म्हणणारे एक मामा प्रत्येक लग्नात असतात, तशी.

स्क्रिप्ट लिहून देणाऱ्यांना फोन केला. पलीकडून दोनच शब्द आले, "लॉग पाठवा."

लॉग, म्हणजे संगणकाने स्वतःच लिहिलेली कामाची रोजनिशी, निघाला 300 एमबीचा. कुणीतरी कधीतरी त्याची पातळी डीबगवर ठेवून दिली होती. सिसलॉग या लॉग लिहिण्याच्या पद्धतीत पातळ्या 0 ते 7. शून्य म्हणजे घर पेटलंय, सात म्हणजे डीबग, बारीकसारीक सगळंच लिहायचं. आमची आक्का जन्मापासून सातवर आहे. गावात कोण वारलं हे सांगायचं तरी सकाळी दूध नासलं तिथून सुरुवात करते. एवढी फाइल मेलने जायची नाही, म्हटलं. "मग झिप करा ना!" म्हणाले. म्हणजे ज्या कामासाठी रडत होतो, तेच.

शेवटी स्वतःच वाचायला बसलो. मे महिना, बाहेर 45 अंश, कूलरमध्ये पाणी नाही. 'एरर' शब्द शोधला तर हजारो ओळी आल्या आणि बहुतेक सगळ्यांत लिहिलेलं, 'एरर: 0'. मग 'फाइल चेंज्ड ॲज वी रीड इट' सापडलं. वाचता वाचता फाइल बदलली म्हणे. रावेरच्या केळीचा भावही असाच, ट्रक भरेपर्यंत बदललेला असतो. पण ती नुसती ताकीद होती. टार, म्हणजे गाठोडं बांधणारा प्रोग्राम, त्यासाठी 1 क्रमांक देतो, खरं मरण 2 ला असतं.

मरण सापडलं. 'राइट फेल्ड', वेळ 20:41. रोज रात्री, तिथेच आसपास. म्हणजे 8:41! आणि 8:45 ला शटर ओढतात आमचे शिपाई आप्पा. कूलरची वायर डिस्कच्या बोर्डात खोचायची सवयही त्यांचीच. मला पुढचं वाचायची गरजच उरली नाही.

"आप्पा, रात्री पावणेनऊला प्लग कोण काढतं?"

"भाऊ, मी नही. परवा तं शटर तुम्हीच वढं. मी त्या टाइमले घर जेवत व्हतू. मना घरवालीले इचारी ल्या."

मी विचारलंसुद्धा. नको होतं विचारायला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉग उघडला तेव्हा वेळेच्या शेपटीला एक 'झेड' दिसला. तो मी आदल्या दिवशी टायपिंगची चूक समजून सोडला होता. झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ. त्यात आपले साडेपाच तास मिळवा, झाले पहाटेचे 2:11. त्या वेळी आप्पाच काय, आमच्या गल्लीतली कुत्रीही झोपलेली असतात. आणि 'राइट फेल्ड'च्या अगदी वरच्या ओळीत कारण सरळ लिहिलेलं होतं: 'फाइल टू लार्ज'. डिस्क फाइली ठेवायच्या फॅट32 पद्धतीची. तिच्यात 4 जीबीची अख्खी फाइल मावत नाही. 600 जीबी जागा मोकळी असली तरी नाही. खतावण्या वाढत गेल्या, गाठोडं चारच्या वर गेलं आणि रोज तिथेच तुटत राहिलं. आता 2-2 जीबीचे तुकडे करतो आणि सकाळी चहाच्या आधी गाठोडं उघडून बघतो.

आप्पांना चहा पाजला, माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून शटरच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही लटकायला लागली. रोज सकाळी त्यातल्या नोंदीवर ते माझी सही घेतात. कालची नोंद अशी:

'रात्री 8:41. घर. भरीत, कळणानी भाकर. साक्षीदार: बायको.'