ब्लेड लावल्यास बूट परत घेतले जाणार नाहीत

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड वाढलेले आहे, हे मी बर्फावरच्या स्केटिंगच्या मापाच्या बुटांसाठी भरलेल्या मागणीच्या अर्जात लिहिले होते, पायाच्या आकृतीवर लाल शाईने गोल करून दाखवले होते, छायाचित्रासह वेगळ्या ई-मेलने कळवले होते आणि दुकानातल्या ज्या बाईंनी फोनवर मागणी नोंदवून घेतली त्यांच्याकडून पुन्हा वदवूनही घेतले होते. काल एकदाचे खोके आले. त्या हाडासाठी चामड्याला दिलेला फुगवटा अत्यंत सुबक आहे, शिवण सरळ आहे, आतले अस्तर कुठेही सुरकुतलेले नाही, आणि तो फुगवटा डाव्या बुटाला आहे.

डाव्या बुटात आता अंगठ्याशेजारी आणखी एक बोट मावेल एवढी पोकळी आहे, आणि उजव्या बुटात जिथे जागा हवी होती तिथे कडक चामडे हाडावर रुतते. खालून तिसऱ्या छिद्रापर्यंत लेस आवळली की जी कळ निघते ती घोट्यापर्यंत जाते; वरच्या हुकांपर्यंत तर मी पोहोचलेच नाही. आकृतीच्या कागदावर 'उजवा' आणि 'डावा' हे शब्द त्यांच्याकडूनच छापून आलेले असतात, तरीही दुकानाच्या उत्तरात 'आकृतीवरून पायाची बाजू पुरेशी स्पष्ट होत नाही' असे वाक्य आहे. शब्द वाचायचे नसतील तर निदान अंगठा कोणत्या अंगाला आहे ते तरी पाहावे. उत्तराच्या शेवटी 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभारी आहोत' असे लिहिले आहे. मी कोणताही संयम दाखवलेला नव्हता, आणि हे वाक्य मला कोणी पाठवले की असलेला थोडाफार संयमही संपतो.

आता खरी मेख ऐका, अर्थात तुमच्यापैकी जे स्केटिंग करतात त्यांना ती तोंडपाठ असेल. नवे चामडे कडक असतेच, तेव्हा बूट आधी काही तास वापरून रुळू द्यावा, मगच तक्रार करावी, असा दुकानाचा सल्ला आहे. त्याच दुकानाच्या अटींत असेही लिहिलेले आहे की बुटाला ब्लेड, म्हणजे बर्फावर घसरणारे धातूचे पाते, लावल्यास, तळाला एकही स्क्रू मारल्यास किंवा तळ खरवडला गेल्यास बूट परत घेतले जाणार नाहीत. ब्लेड पुढेमागे सरकवता यावे म्हणून लांबट भोकांत मोजकेच स्क्रू घालून फिटर, म्हणजे बूट आणि ब्लेड मापाने बसवून देणारा कारागीर, जे तात्पुरते बसवून देतो, तेही यांना चालत नाही. म्हणजे हे बूट मी दिवाणखान्यातल्या गालिच्यावर रुळवायचे. टाच आतल्या आत उचलली जाते का, एका पायावर ब्लेडच्या बाहेरच्या कडेने वळताना घोटा कोसळतो का, गुडघा वाकवल्यावर बुटाची जीभ एका बाजूला घसरते का, यांतले काहीही गालिच्यावर कळत नाही, कारण गालिच्यावर ना कड असते ना घसरण. ब्लेड थेट बुटाला पक्के जोडण्याचे श्रेय १८६० च्या दशकातल्या जॅक्सन हेन्स या अमेरिकन स्केटरला दिले जाते. तेव्हापासून बूट आणि ब्लेड ही एकच वस्तू आहे, हे साऱ्या जगाला मान्य आहे. एक विक्री विभाग तेवढा अपवाद.

दुसरा अपवाद जकात खात्याचा. ब्लेड नसलेला स्केटिंगचा बूट जकातीच्या ६४ व्या प्रकरणात पादत्राण म्हणून मोडतो आणि ब्लेड जोडलेला तोच बूट ९५ व्या प्रकरणात क्रीडासाहित्य होतो. माझे बूट युरोपातून आले म्हणून पादत्राणे ठरले, ब्लेड इंग्लंडमधल्या शेफील्डहून वेगळ्या खोक्यात आले, आणि दोन्हींची बिले अर्थातच वेगवेगळी आली. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला पूर्वी अमेरिकेत जकात पडत नसे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद झाली, त्यामुळे नुसती ब्लेड मागवली तरी कुरिअर कंपनी जकात आणि वर 'ती भरून देण्याचे शुल्क' अशी दोन्ही वसूल करते. माझे पैसे माझ्याच वतीने भरल्याबद्दल मीच शुल्क देते, हा हिशेब माझ्या डोक्यात अजून शिरलेला नाही.

कुरिअरवाल्यांचा विषय निघालाच आहे तर तेही होऊन जाऊ दे. खोक्यासाठी सही आवश्यक होती. मी घरून काम करते, माझे टेबल दाराला लागून असलेल्या खिडकीशी आहे, आणि तरीही गाडी आली, थांबली, 'आम्ही आलो होतो, आपण भेटला नाहीत' अशी चिठ्ठी दाराला चिकटली आणि गाडी गेली. बेल वाजली नाही. मी दार उघडून हाका मारत रस्त्यापर्यंत धावले. शेजारच्या आजोबांनी पाणी घालणे थांबवून माझ्याकडे पाहिले. गाडीतल्या माणसाने तेवढेही केले नाही. हे सगळे टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला, बाहेर पारा चाळिशीवर असताना. बुटांच्या आतले अस्तर उष्णतेने मऊ होऊन पायाचा आकार घेणारे आहे, म्हणून कारखान्याच्या पत्रकात ते उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नयेत असे ठळक अक्षरांत बजावले आहे. माझे बूट मात्र तशाच तापलेल्या गाडीतून गावभर फिरून परत गोदामात गेले. तिथे त्यांनी कोणाच्या पायाचा आकार घेतला असेल, देव जाणे.

आणि हे सारे कोणासाठी, तर माझ्यासाठी. पन्नाशीकडे झुकलेल्या आणि नोकरी लागल्यावर पहिल्यांदा बर्फ पाहिलेल्या बाईसाठी. अर्जात 'सध्याची सर्वांत अवघड उडी' असा एक रकाना असतो, कारण चामडे किती कडक ठेवायचे ते त्यावर ठरते. बाकीच्या मुली त्यात दुहेरी लुट्झ वगैरे लिहितात. उलरिक साल्खो या स्वीडिश स्केटरने १९०९ मध्ये आपली उडी मारून दाखवली, तिची सर्वांत बुटकी आवृत्ती मी मारते. मुलीचे म्हणणे आहे की "आई, तू उडी मारलीस हे फक्त आवाजावरून कळतं." तिचे बूट दुकानातले तयार आहेत, पहिल्या दिवसापासून पायात बसले, आणि ती त्यांच्याबद्दल कधी चकार शब्द काढत नाही, याचाही मला राग येतो. सांगलीत अनवाणी आणि स्लिपरांत वाढलेला माझा पाय चवड्याला रुंद आणि टाचेला अरुंद आहे. तयार बूट चवड्याला बसला तर टाच आत नाचते आणि टाचेला बसला तर करंगळी बधिर होते. म्हणून मापाचे बूट. हजार डॉलरच्या वर, ब्लेड सोडून.

कोल्हापुरात माझे वडील कागदावर पाऊल ठेवत, कारागीर भोवतीने पेन्सिल फिरवी, आणि पुढच्या खेपेला पायताण तयार असे. चावले तर तेल लावायचे, की काम झाले. इथे मापासाठी महिन्यातून एकदा शहरात येणाऱ्या फिटरची वेळ घ्यावी लागते. पेन्सिल अगदी उभी धरावी लागते, चवडा, कमान, टाच ते कमान आणि घोटा यांचे घेर घ्यावे लागतात, बसून एक आकृती आणि उभे राहून दुसरी. एवढा शास्त्रोक्त यज्ञ केल्यावर फुगवटा डाव्या पायाला. चूक नेमकी कुठे झाली हे विचारले तर दुकान कारखान्याकडे बोट दाखवते आणि कारखाना म्हणतो की आम्ही ग्राहकांशी थेट पत्रव्यवहार करत नाही, दुकानाशी बोला. बरोबर दिलेल्या लेस बारा वर्षांच्या मुलीच्या बुटालाही अपुऱ्या पडतील अशा आहेत, हे मी अजून सांगितलेलेच नाही. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये टोन्या हार्डिंग या अमेरिकन स्केटरची लेस तुटली, तेव्हा तिने रडत बूट थेट पंचांच्या टेबलापुढच्या कठड्यावर ठेवून दाखवला आणि तिला पुन्हा संधी मिळाली. त्या बाईंबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, परंतु तक्रार ऐकणाऱ्याच्या नाकासमोर बूट ठेवण्याची सोय मलाही हवी होती. माझ्या नशिबी छायाचित्र चढवण्याचा एक चौकोन आहे, आणि तो माझे छायाचित्र 'आकाराने मोठे आहे' म्हणून नाकारतो. छायाचित्राच्या आकाराबद्दल यांना एवढी काटेकोर दृष्टी आहे.

आज सकाळी तडजोडीचा प्रस्ताव आला. बूट नव्याने करायचे तर ते विमा उतरवून, माझ्या खर्चाने, पुन्हा जकातीच्या कागदांसह युरोपात पाठवायचे आणि किमान तीन महिने थांबायचे. थांबायला माझी ना नव्हती, पण जुन्या बुटांना घोट्याशी अशी घडी पडली आहे की शेवटच्या हुकाखाली चामडे भेगाळले आहे, आणि प्रौढांच्या चाचणीसाठी मी नाव देऊन बसले आहे. दुसरा पर्याय म्हणजे उजवा बूट इथल्याच फिटरकडून गरम करून, कडे आणि गोळा असलेल्या पक्कडीत धरून, हाडाच्या जागी बाहेर फुगवून घ्यायचा. त्याचे पैसे दुकान 'सदिच्छा म्हणून' निम्मे देईल. डाव्या बुटातल्या अनाठायी फुगवट्यात फोमचा तुकडा चिकटवावा, असे सुचवले आहे. तो तुकडा मोफत आहे. परत करण्याची मुदत या काळात चालूच राहील आणि ब्लेडची अटही कायम राहील, हे त्यांनी पुन्हा एकदा ठळक करून कळवले आहे.

दात-ओठ खाऊन मी दुसरा पर्याय मान्य केला आणि फिटरला निरोप धाडला. त्याने पुढच्या महिन्यातला शनिवार दिला आहे आणि खाली लिहिले आहे की येताना बुटांना ब्लेड लावून आणा, तुम्हाला त्यांवर उभे राहिलेले पाहिल्याशिवाय मी चामड्याला हात लावत नाही.