भिशीत निघाले जी. ए.

आमच्या बिल्डिंगमध्ये पुस्तक भिशी आहे. साध्या भिशीसारखंच सगळं, ११ जण, महिन्याला २०० रुपये, फक्त ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या पैशांची पुस्तकं आणायची, ती सगळ्यांनी फिरवून वाचायची आणि मग त्याच्याच घरी जमून चर्चा करायची. चर्चा आपलं म्हणायला, खरं आकर्षण बटाटेवडा.

गेल्या जूनमध्ये माझी चिठ्ठी निघाली. त्याआधी ओळीने तीन महिने आम्ही श्रीमंत कसं व्हायचं छापाची पुस्तकं वाचली होती आणि २०० रुपये सोडून कोणाचं काही हललं नव्हतं. म्हटलं आता जरा साहित्य होऊन जाऊ दे, आणि तडक दुकानात जाऊन जी. ए. कुलकर्णींच्या 'पिंगळावेळ' ह्या कथासंग्रहाच्या चार प्रती उचलल्या, दोन नव्या आणि दोन दुकानदाराने मागच्या फळीवरून धूळ झटकत काढून दिलेल्या जुन्या.

खरं सांगते (भिशीत सांगितलेलं नाही), मी हे पुस्तक कॉलेजात 'वाचलंय' म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त वाचलंय. 'ऑर्फियस' ह्या कथेपाशी अडकले. त्या ग्रीक गड्याला मागे वळून बघायचं नाही अशी अट असते, मी तर सरळ यू टर्न मारून घरी आले होते. तरी चारचौघांत जी. ए. निघाले की डोळे मिटून "आहाहा" करायची सवय काही गेलेली नाही.

पहिली तक्रार चौथ्या दिवशी आली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नाव वाचून पुस्तक पंचांगाशेजारी ठेवलं होतं, त्यांना वाटलं पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणारा पिंगळा असतो त्यातलंच काहीतरी असेल. जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "वाचलं गं भविष्य. कोणाचंच काही बरं होणार नाहीये."

दुसरी तक्रार गंभीर होती. 'कैरी' हे नाव बघून एका वहिनींनी ती कथा सातवीतल्या मुलाला दिली. अमोल पालेकरांनी त्याच्यावर पिक्चर काढलाय एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सुट्टी, आजोळ, झाडावरची पोरं असं सगळं स्वतःच धरून घेतलं. कथेत पोरकं झालेलं पोर मावशीकडे येतं आणि मावशीचं घर कसलं ते पुढे कळतं. पोरगा रात्री जेवला नाही, दुसऱ्या दिवशी आमच्या दारात उभा. "काकू, त्या मावशीच्या नवऱ्याला नंतर शिक्षा झाली ना?" आता काय सांगू? मी त्याला चिक्की दिली. त्याने ती हातात धरली पण खाल्ली नाही आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काही ती कथा मीच लिहिली आहे.

मग आला चर्चेचा रविवार. बँकेतून रिटायर झालेले काका पेन्सिलने खुणा करून आले होते आणि बसायच्या आत म्हणाले, "नियती!" जी. एं.बद्दल बोलताना पहिल्या तीन वाक्यांत हा शब्द आला नाही तर फाऊल धरतात बहुतेक. त्यांच्याशेजारी आमचे दुसरे एक मेंबर, ज्यांनी जी. एं.ची एकही कथा वाचलेली नाही पण जी. एं.बद्दल सगळं वाचलंय. धारवाडला इंग्रजी शिकवायचे, काळा चष्मा लावायचे, लोकांत मिसळायचे नाहीत, 'काजळमाया' कथासंग्रहाला १९७३ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं ते परत करून टाकलं. "परत? पैशांसकट?" असं कोणीतरी विचारलं, त्यावरून गाडी एकाच्या रखडलेल्या रिफंडवर गेली आणि पहिल्या घाण्याचे वडे तिथेच संपले.

शेवटी मीच त्यातली 'स्वामी' ही कथा काढली. परक्या गावात आलेल्या एका माणसाला आग्रहाने मठात नेतात, छान पाहुणचार करतात आणि मग जमिनीखालच्या खोलीत कोंडून सांगतात, आता तुम्हीच आमचे स्वामी. संपलं, आता बाहेर नाही.

"आमची कंपनी," आयटीतला मुलगा लगेच म्हणाला. "आधी गोड बोलतात, वेलकम किट देतात, जेवण फुकट, एसी फुकट, आणि निघायचं म्हटलं की ९० दिवसांचा नोटीस पीरियड. ह्याला तर बिचाऱ्याला तोही नाही."

जुळी पोरं असलेली वहिनी वड्याचा तुकडा हातात तसाच धरून बसली होती. "मला कोण कोंडेल का हो असं? फक्त चार दिवस. आयतं ताट, मोबाईलला रेंज नाही, आणि मम्मी म्हणून कोणी हाक मारत नाही."

"अहो, ही मानवी अस्तित्वाची शोकांतिका आहे!" काका.

"असू दे हो. पण ताट आयतं ना?"

मी गप्प होते. एकोणिसाव्या वर्षी ही कथा वाचून मी दिवा चालू ठेवून झोपले होते. ह्यावेळी मला दाराची भीती वाटलीच नाही, त्या मठातल्या माणसांचं बोलणंच डोक्यातून जाईना, इतकं आदबशीर, कुठे आवाज चढवणं नाही, सगळं तुमच्या भल्यासाठी, अगदी आमच्या लग्नाच्या बैठकीत सगळे बोलत होते तसं. पण हे बोलायची सोय नव्हती कारण सासूबाई समोरच पलंगावर बसून लसूण सोलत होत्या.

त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. म्हणजे माझा असा समज होता. काका कथेच्या शेवटी झरोक्याच्या दिशेने वर चढणाऱ्या वेलावर बोलत होते, मुक्ती, प्रकाश, प्रतीक वगैरे, आणि त्यांचा नुकता कुठे सूर लागत होता तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "वेलाला पाणी कोण घालायचं?"

काका थांबले. "आई, तुम्ही वाचलंत?" मी.

"दुपारी तू ऑफिसात असतेस तेव्हा काय करते मी? ते सोड. जमिनीखाली, ऊन नाही काही नाही, माझा गच्चीतला मोगरा दोन दिवस विसरलं तर मान टाकतो. पाणी कोणी घातलं ते लिहिलंय ना त्यात?"

कोणीच काही बोलेना. मग ११ माणसं चार पुस्तकांवर वाकली. आयटीवाला म्हणाला पान नंबर सांगा, तर जुन्या प्रतीतले नंबर नव्या प्रतीत जुळेनात, काका पेन्सिलीच्या खुणा शोधत उलटं चाळायला लागले, जी. एं.चं चरित्र पाठ असलेल्या मेंबरांनी आयुष्यात पहिल्यांदाच जी. एं.चं पुस्तक उघडलं आणि कथा सुरू कुठे होते ते विचारलं. माझ्या प्रतीत नेमकी ती शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. नखाने सोडवायला गेले तर मधून वाळलेली लसणाची चटणी पडली, आणि पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "हळू गं, फाटेल."