‘एकपेशी जीवाला कसलं आलंय म्हातारपण?’ या प्रतिक्रियेला जरा लांबलचक उत्तर

‘रानवारा’, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, खोटं कशाला सांगू, दुसऱ्यांदा वाचताना मात्र दोन मुद्दे पटले. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून: माझा लेख होता ट्रिपॅनोसोमा ब्रूसी या आफ्रिकेत झोपेचा आजार देणाऱ्या एकपेशी परजीवीच्या टेलोमिअरवर, म्हणजे क्रोमोसोमच्या (डीएनएच्या लांब धाग्याच्या) टोकांवर. तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो: एकपेशी परजीवी म्हातारे होत नाहीत मग त्यांच्या टेलोमिअरचं एवढं कौतुक कशाला, टेलोमिअरची कॉपी निघून तयार होणारा टेरा नावाचा तो आरएनए म्हणजे मशीन चालताना पडणारा भुसा आहे आणि मी त्याला सोनं म्हणून विकतोय, टेरा पहिल्यांदा २००७ साली माणसात सापडला हे मी लिहिलेलं चूक आहे, आणि शेवटी हे सगळं आफ्रिकेतलं, आपल्याला त्याचं काय.

आधी चूक. तुमचं बरोबर, माझं चूक. २००७ साली अझालिन आणि लिंगनर यांच्या गटाने माणसाच्या पेशीत तो दाखवला आणि टेरा हे नाव रूढ झालं, पण टेलोमिअरवरून आरएनए तयार होतो हे रुडेन्को आणि व्हॅन डर प्लोख यांनी १९८९ मध्येच ट्रिपॅनोसोममध्ये दाखवलं होतं. म्हणजे अठरा वर्षं आधी, आणि तेही मी ज्या परजीवीवर लेख लिहिला त्याच्यातच! टीटीएजीजीजी ही टेलोमिअरमध्ये परत परत येणारी डीएनएची सहा अक्षरंसुद्धा ट्रिपॅनोसोममध्ये १९८४ ला वाचली गेली आणि माणसात १९८८ ला. तेव्हा ‘माणसातलं ज्ञान परजीवीला लावलं’ असा जो माझ्या लेखाचा सूर होता तो उलटाच होता.

आता म्हातारपण. टेलोमिअर म्हटलं की आपल्याकडे लगेच सुरकुत्या आणि आयुष्य वाढवायच्या गोळ्या आठवतात, हा व्हॉट्सअ‍ॅपचा प्रताप. मूळ भानगड म्हातारपणाची नाहीच. क्रोमोसोम सरळ दोरीसारखा असला की कॉपी काढताना टोकाचा तुकडा दरवेळी थोडा राहून जातो, मग जीव एक पेशीचा असो नाहीतर हत्ती असो. टेलोमिअरचा क्रम आणि झिजलेलं टोक भरून काढणारं एन्झाइम टेलोमरेज, दोन्ही आधी डबक्यातल्या टेट्राहायमिनात सापडले, तोही एकपेशीच, आणि त्याच कामाला २००९ चं नोबेल मिळालं. ट्रिपॅनोसोमा ब्रूसीचं टेलोमरेज काढून टाकलं तर दर विभाजनाला टोकं ३ ते ६ अक्षरांनी झिजतात. माणसाच्या पेशीत झीज याहून बरीच जास्त असते, तरी झीज ती झीजच.

पण ब्रूसीत टोकाचं महत्त्व वेगळंच आहे आणि खरी गंमत इथेच आहे. हा प्राणी आपल्या रक्तात उघड्यावर पोहतो, अंगावर व्हीएसजी नावाच्या एकाच प्रोटीनचा झगा, साधारण एक कोटी रेणूंचा. शरीराने तो झगा ओळखून अँटीबॉडी तयार करेपर्यंत काही पेशींनी दुसरा झगा घातलेला असतो. आपल्याकडे दारात बहुरूपी यायचा ना, आज पोलीस, उद्या साधू, तसंच. कपाटात २००० हून जास्त झगे आहेत, बरेचसे फाटके म्हणजे जीन अर्धवट. पण अंगावर चढवायचा झगा टोकाजवळच्या जागेतच ठेवावा लागतो. अशा जागा लॅबमधल्या एका जातीत पंधराच्या आसपास आहेत आणि एका वेळी चालू फक्त एक. ज्या पेशींत टेलोमिअर आखूड करून पाहिले त्यांच्यात झगा बदलण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे इथे टेलोमिअरची लांबी म्हातारपण मोजत नाही, वेशांतराशी खेळते.

आता तुमचा भुसा. निम्मं तुमचं खरं आहे. व्हीएसजीचा जीन वाचणारं मशीन म्हणजे आरएनए पॉलिमरेज वन. पेशीत केंद्रक असलेले बाकीचे बहुतेक जीव ते रायबोसोमच्या (प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएसाठी राबवतात, ब्रूसीने झग्याच्या कामालाही जुंपलंय. ते जीन संपल्यावर थांबत नाही, तसंच पुढे टेलोमिअरमध्ये घुसतं आणि तिथलीही कॉपी काढतं. तोच टेरा. म्हणून तो चालू असलेल्या टोकाकडूनच येतो. इथपर्यंत भुसा म्हणा, माझी हरकत नाही. पण हा भुसा मशीनमध्येच अडकतो. टेरा डीएनएच्या एका पट्टीला चिकटून बसतो, दुसरी पट्टी लोंबकळत राहते आणि असं जास्त झालं की टोक तुटायला लागतं.

तुम्ही म्हणाल दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नाही. बरोबर. म्हणूनच २०१७ चा प्रयोग मला आवडतो. टोकावर बसणारं रॅप१ प्रोटीन कमी केलं, तर टेरा वाढला, आरएनए-डीएनएच्या चिकटलेल्या जोड्या वाढल्या, टोकाजवळ डीएनए तुटायचं प्रमाण वाढलं, झगेही जास्त बदलले. मग त्याच पेशींत आरएनएज एच हे एन्झाइम जादा दिलं, जे डीएनएला चिकटलेला आरएनए तेवढा खातं. जोड्या कमी झाल्या आणि तुटणंही कमी झालं. रॅप१ अजून कमीच, तरी! नुसता भुसा असता तर तो झाडून काढल्यावर फरक पडला नसता.

पण परजीवी हे ‘मुद्दाम’ करतो असं यातून सिद्ध होत नाही. माझ्या शीर्षकातला ‘मास्टरस्ट्रोक’ हा शब्द माझा माज होता, काढलाय.

आणि ‘नॉन-कोडिंग (ज्यावरून प्रोटीन बनत नाही तो आरएनए) म्हणजे कचरा’ हे सरसकट तर या प्राण्याबाबत अजिबात बोलू नका हो. याच्या केंद्रकात बनणाऱ्या प्रत्येक एमआरएनएच्या, म्हणजे प्रोटीनचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या, डोक्यावर ३९ अक्षरांचा तोच तुकडा चिकटवलेला असतो, तो येतो एका नॉन-कोडिंग आरएनएकडून. मायटोकॉन्ड्रियात तर एका जीनच्या संदेशात यू हे अक्षर ५४७ ठिकाणी घुसवावं लागतं आणि ४१ ठिकाणचं काढावं लागतं, कुठे ते सांगतात छोटे गाइड आरएनए. ते नसतील तर तो संदेश वाचताच येणार नाही.

राहिलं आफ्रिका. ब्रूसीला त्सेत्से माशी लागते, ती आपल्याकडे नाही, मान्य. पण ब्रूसीचा सख्खा भाऊ ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी गोमाश्यांवर फिरतो, त्याचा रोग म्हणजे सर्रा, उंट-घोडे-गुरं पाळणाऱ्यांना विचारा. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्सना तो सापडला तोच मुळी तेव्हाच्या पंजाबात, डेरा इस्माईल खानला. माणसाला तो सहसा लागत नाही कारण आपल्या रक्तातलं एपीओएल१ हे प्रोटीन त्याला मारतं. पण २००४ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला लागलाच. तपासल्यावर कळलं की त्या माणसाच्या एपीओएल१ जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. सुरामिन देऊन तो बरा झाला, आणि हे औषध शंभर वर्षांपूर्वीचं आहे. झगे बदलायची खोड इव्हान्सीलाही आहे, त्याच्यावर लस नाही ती मुख्यतः त्यामुळेच.

२००७ चं वाक्य लेखात दुरुस्त केलंय, खाली तारखेसकट टीप टाकलीय. तुमचं नाव टाकू का त्यात, की ‘एका वाचकाने लक्षात आणून दिलं’ एवढंच पुरे?