‘कन्व्हर्ट’ हा शब्द आधी डोक्यातून काढा

दर आठवड्याला आपल्या मराठी ग्रुपवर जर्मनीत नवीन आलेलं कुणीतरी विचारतं, "भारतातलं लायसन्स इथे कन्व्हर्ट कसं करायचं? किती दिवस लागतात?" खाली भराभर उत्तरं येतात. ॲपवरून थिअरी पाठ करा, दोन क्लास घ्या, परीक्षा द्या, झालं काम. तीन वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं, मला हीच उत्तरं मिळाली होती आणि मी अगदी तसंच केलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगायचंय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांना इथे गाडी चालवायची आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी कायद्याचं बघू. युरोपीय संघाबाहेरच्या देशाचं लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, सोबत भाषांतर किंवा इंटरनॅशनल परमिट हवं. सहा महिने संपले की तेच कार्ड, त्यावर आणखी पंधरा वर्षांची मुदत छापलेली असली तरी, इथे कामाचं राहत नाही. "माझ्याकडे इंटरनॅशनल परमिट आहे, ते वर्षभर चालतं," असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. परमिट हे मूळ लायसन्सच्या आधाराने उभं असतं. मूळच लागू नसेल तर त्याला अर्थ उरत नाही. आणि हा काही जर्मनीने एकटीने काढलेला नियम नाही. रस्ता वाहतुकीचा १९६८चा व्हिएन्ना करार आहे, त्याच्या ४१व्या कलमातच ही सोय आहे: दुसऱ्या देशाचं लायसन्स मान्य करायचं, पण ज्याने आपलं राहतं ठिकाणच तुमच्या देशात हलवलं त्याच्या बाबतीत तसं बंधन नाही. पाहुण्याला एक नियम, राहायला आलेल्याला दुसरा.

ओळखीतले एकजण आठव्या महिन्यातही जुन्याच लायसन्सवर गाडी चालवत होते. "कोण विचारतंय?" असं म्हणायचे. मला तेव्हाही ते ऐकवत नव्हतं. इथे विनालायसन्स गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पावती फाडून सुटका होण्यातला हा प्रकार नाही. अपघात झाला तर विमा कंपनी दिलेले पैसे आपल्याकडून वसूल करू शकते. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, ज्याला आपण धडक देऊ त्याच्या घरच्यांना काय सांगणार?

आता यादीचं. लायसन्सच्या जर्मन नियमावलीला एक परिशिष्ट जोडलेलं आहे, क्रमांक ११. त्यात जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड असे देश आहेत, तिथल्या लोकांना परीक्षेशिवाय लायसन्स बदलून मिळतं. अमेरिकेतल्या काही राज्यांना पूर्ण सूट, काहींना फक्त थिअरी. भारत त्या यादीत नाही, म्हणजे आपलं लायसन्स नुसतं ‘कन्व्हर्ट’ होतच नाही. आपल्याला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही, वर डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा नऊ तासिकांचा कोर्स. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते मी स्पष्टच म्हणते. पंधरा वर्षं एकही ओरखडा न उमटवता गाडी चालवलेला माणूस परीक्षेला बसतो आणि यादीतल्या देशातला नवशिका फॉर्म भरून मोकळा होतो. पारख माणसाची व्हायला हवी, देशाच्या नावाची नव्हे. पण या रागात आपण एक चूक करतो. यादी अन्यायाची म्हणून परीक्षाही निरर्थक, असं ठरवून टाकतो. मी तेच केलं होतं.

कायदाही इथे नकळत आपल्याला फसवतो. ज्यांच्याकडे आधीचं चालू लायसन्स आहे त्यांना इथे प्रशिक्षणाची सक्ती नाही. जर्मन मुलांना थिअरीचे तास, हायवेवरचे तास, रात्रीचे तास ठरवून दिलेले असतात. आपल्याला काहीच बंधन नाही, फक्त परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून, इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून द्यायची. प्रत्येक तासाला पैसे मोजायचे असल्यामुळे आपण दोन तास घेतो आणि थांबतो. नऊ वर्षं गाडी चालवलीये, आणखी काय शिकायचं? दोन तासांत मी स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला, एवढ्याची सवय केली. मला वाटलं, फरक तेवढाच.

थिअरीची परीक्षा इंग्रजीत देता येते. तीस प्रश्न, दहापर्यंत चुकांचे गुण चालतात, पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. मी ॲपवरून हजारभर प्रश्न घोटले आणि पहिल्याच फटक्यात पास झाले. त्यात ब्रेकच्या अंतराचं एक साधं गणित आहे. ताशी किलोमीटरमधल्या वेगाला दहाने भागा आणि तिनाने गुणा: हे आपल्या मेंदूने ‘ब्रेक’ म्हणेपर्यंत गाडीने कापलेलं अंतर, मीटरमध्ये. मग वेगाला दहाने भागून त्याचा वर्ग करा: हे ब्रेक दाबल्यावरचं अंतर. ३०च्या वेगाला नऊ आणि नऊ, अठरा मीटर. ५०च्या वेगाला पंधरा आणि पंचवीस, चाळीस मीटर. मी हे पाठ केलं, बरोबर उत्तर दिलं आणि विसरून गेले. कितीतरी दिवसांनी, बसस्टॉपवर उभी असताना, ते अचानक डोळ्यांसमोर आलं. अठरा मीटरवर एक मूल रस्त्यात आलं, तर तीसने येणारी गाडी त्याच्यापाशी येऊन थांबेल. पन्नासने येणाऱ्या गाडीने त्या अठरातले पंधरा मीटर ब्रेक लागायच्या आधीच कापलेले असतील. त्या मुलाला ती जवळजवळ पूर्ण वेगात धडकेल. निवासी भागात ३०ची पाटी का असते, हे मला परीक्षा पास झाल्यावर कळलं. पाठ करण्याचा तोटा तो हाच.

प्रॅक्टिकलला परीक्षक मागच्या सीटवर बसतो. परीक्षा एकूण ५५ मिनिटांची असते आणि सूचना जर्मनमध्येच मिळतात. रेख्त्स (उजवीकडे), लिंक्स (डावीकडे), पुढच्या चौकात वळा, एवढी जर्मन पुरते, त्याची भीती बाळगू नका. माझी परीक्षा मात्र बाराव्या-तेराव्या मिनिटाला संपली. ३०च्या झोनमधली शांत गल्ली होती, दोन्ही बाजूंना गाड्या पार्क केलेल्या. समोर चौक, ना सिग्नल, ना पाटी. मी अठ्ठावीसच्या वेगाने सरळ निघाले. उजवीकडच्या गल्लीतून एक राखाडी गाडी आली आणि माझ्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली गेला. माझ्या इन्स्ट्रक्टरने त्यांच्या बाजूचा पेडल दाबला होता. इन्स्ट्रक्टरला मध्ये पडावं लागलं की परीक्षा तिथेच संपते.

‘रेख्त्स फोर लिंक्स’, म्हणजे उजवीकडचा आधी. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही लहान असो. थिअरीत या नियमाचा एकही प्रश्न माझा चुकला नव्हता. पण डोळ्यांची सवय वेगळी होती. जो सरळ चाललाय, ज्याचा रस्ता मोठा आहे, त्याने जायचं, बाजूचा थांबेल, हे मी नऊ वर्षं गृहीत धरलं होतं. घरी येऊन चिडून शोधलं तेव्हा दिसलं की भारतातल्या १९८९च्या, २०१७पर्यंत लागू असलेल्या रस्ता नियमावलीतही हाच नियम होता: मुख्य रस्ता नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. नऊ वर्षं माझ्याकडे लायसन्स होतं आणि मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. नापास झाल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे की इतकी वर्षं किती चौकांत केवळ समोरचा थांबला म्हणून मी सुखरूप घरी आले असेन.

परत परीक्षा द्यायला साधारण दोन आठवडे तरी थांबावं लागतं. मी दोन महिने घेतले आणि बारा तास शिकले. इन्स्ट्रक्टर साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. पहिल्या तासाला त्यांनी मला गाडी वेगात चालवूच दिली नाही. एकाच वस्तीत गोल गोल फिरवत राहिले. प्रत्येक चौकाआधी ॲक्सिलरेटर सोडायचा, पाय ब्रेकवर नुसता टेकवायचा, मान उजवीकडे न्यायची, गल्लीच्या आतपर्यंत पाहायचं. "मान दिसली पाहिजे," म्हणायचे, "परीक्षकाला नाही, सायकलवाल्याला." उजवीकडे वळताना आरसा पाहिला तरी खांद्यावरून मागे बघायचंच, कारण आरशात न दिसणाऱ्या जागेत सायकल असते. सायकलला ओलांडताना शहरात दीड मीटर अंतर, शहराबाहेर दोन मीटर, हे २०२०पासून कायद्यातच आहे. तेवढी जागा नसेल तर तिच्या मागे, तिच्या वेगाने जायचं, मागचा कितीही हॉर्न वाजवो. (मागचा वाजवत नाही, हेही मला तिथेच कळलं.) सहाव्या-सातव्या तासानंतर माझी मान आपोआप वळायला लागली. ते कुठल्याही ॲपवर होत नाही.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगते की इथे आल्याआल्या अर्ज करा. माझा अर्ज ज्या ऑफिसात होता तिथे तो कित्येक आठवडे पडून राहिला, विचारलं की "प्रक्रियेत आहे" एवढंच उत्तर मिळायचं, आणि त्यात माझे सहा महिने संपले. पुढचे काही महिने मी गाडीला हात लावला नाही. हिवाळ्यात, लहान मूल घेऊन, बस बदलत पाळणाघरात जाणं सोपं नव्हतं. नवीन येणाऱ्या माणसासाठी ही ऑफिसं वेगाने चालायला हवीत, यासाठी आपण सगळ्यांनी मिळून बोललं पाहिजे. पण त्यावरचा उपाय लपूनछपून गाडी चालवणं हा नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. ग्रुपवर कुणी विचारलं की "दोन क्लास पुरतात" असं लिहू नका. तुम्ही दोन क्लासमध्ये पास झाला असाल तर आनंद आहे, पण समोरच्याचे डोळे कुठे बघतात हे तुम्हाला ठाऊक नाही. त्याला सांगा, आधी एक तास घे, इन्स्ट्रक्टरला खरं खरं विचार मला किती लागतील, आणि तो सांगेल तेवढे घे. पैसे जातात. मलाही ते जड गेले होते.

दुसऱ्या खेपेला पास झाले. नवीन कार्ड हातात देताना जुनं जमा करून घेतात. त्यावरचा बावीस वर्षांच्या मुलीचा फोटो मी काउंटरवर ठेवला, तेव्हा क्षणभर हात मागे आला, हे खरं.

पुढच्या शनिवारी पहिल्यांदा एकटी निघाले. तशीच एक गल्ली, तसाच पाटी नसलेला चौक. मी वेग कमी केला, मान उजवीकडे नेली. एक बाई सायकलवरून येत होती, मागच्या सीटवर हेल्मेट घातलेलं मूल. मी थांबले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पेडल मारणं क्षणभरही थांबवलं नाही, सरळ माझ्यासमोरून निघून गेली. मूल मात्र माझ्याकडे मान वळवून बघत होतं, ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत.