कुठले पाटील?

आमच्या भागात पाकिटावर नुसतं ‘पाटील, तालुका खानापूर’ लिहिलं तर पोस्टमन विचारणारच, ‘कुठले पाटील?’ डेटाबेसही तसाच. दोन टेबलं जोडली, दोन्हींत ‘नेम’ हा रकाना असला आणि आपण नुसतं ‘नेम’ मागितलं, की ‘अँबिग्युअस’, म्हणजे ‘नक्की कुठलं?’, म्हणून एरर तोंडावर फेकतो. मला तेव्हा हा त्याचा आगाऊपणा वाटायचा.

एका पतसंस्थेच्या थकबाकीच्या नोटिसा छापून द्यायचं काम माझ्याकडं होतं. एक टेबल कर्जदारांचं, दुसरं जामीनदारांचं. दोन्हींत आयडी, नेम, ॲड्रेस. एरर टाळायला मी सरळ ‘सिलेक्ट स्टार’, म्हणजे ‘असतील ते सगळे रकाने दे’, असं लिहिलं. स्टार काही विचारत नाही, दोन्ही ‘नेम’ गुमान आणून देतो. पुढं पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा ओळीतली माहिती रकान्याच्या नावानं मांडते. त्याच नावाचा दुसरा आला की तो पहिल्याच्या उरावर बसतो. कर्जदार गडप, जामीनदार हजर.

शनिवारी सकाळी मामा दारात. हातात नोटीस, चपला पायातच.

“म्हस त्याच्या गोठ्यात, दूध त्याच्या घरात, आन् नोटीस माझ्या नावानं? ह्याच्यासाठी कंप्यूटर शिकलास व्हय रे?”

आई चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

घाईघाईनं मी टेबलं जोडायचा ‘नॅचरल जॉइन’ लावला. नाव किती सालस! पण हा गडी सारख्या नावाचे सगळेच रकाने जुळवायला बघतो. म्हणजे कर्जदार आणि जामीनदाराचा आयडी एक, नाव एक, पत्ता एक, तरच ओळ मिळणार. थोडक्यात, स्वतःच स्वतःला जामीन राहिलेला माणूस हवा. थकबाकीदार निघाले शून्य. चेअरमन इतके खूश, की मिठाई म्हणून कुंदा आणायला माणूस निघालाच होता. त्याला जिन्यातून परत बोलवावं लागलं.

त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून आमचं बेळगाव सरकारी कागदावर बेळगावी झालंय. अर्ध्या पत्त्यांत हे, अर्ध्यांत ते. माणसं दोन असून नाव एक, तर हा कॉम्प्युटर पठ्ठ्या एकाला खाऊन टाकतो. गाव एकच असून नावं दोन, तर म्हणतो गावं वेगळी!

शेवटी स्टार पुसला. प्रत्येक रकाना टेबलाच्या नावानिशी मागितला आणि पुढं ‘ॲज’ लावून बारसं केलं: कर्जदार_नाव, जामीनदार_नाव. दोन ओळींचं काम होतं. नव्या नोटिसा बरोबर गेल्या.

मामांना सांगितलं, “आता तुमचं नाव वेगळ्या रकान्यात आहे.”

“कुठल्या?”

“जामीनदार_नाव.”

मामा थोडा वेळ बघत राहिले. “म्हंजे अजून काडलं न्हाईस?”